सायकलची वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त असावा, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "सायकलची वाढीव हमी" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगावयास लावले. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आले, तेव्हा त्या हसल्या. परंतु खजिनदार या नात्याने गेल्या वर्षी ज्या एका प्रश्नाने माझी झोप उडविली, तो हाच प्रश्न होता. आपण बारा सायकली घ्यावयाच्या की तेरा, हे त्या एका कागदावर ठरावयाचे होते. आणि तेरावी सायकल म्हणजे एक मुलगी होती.

हकीकत पुष्कळजणींना ठाऊक आहे. तरी नव्या सभासद भगिनींसाठी थोडक्यात सांगते. वरच्या वाड्यांवरून हायस्कुलात येणाऱ्या मुली जाऊन-येऊन रोज आठ-नऊ किलोमीटर चालतात. पावसाळा लागला की त्यांतल्या काहींची शाळा सुटते ती सुटतेच. त्यांना सायकली द्याव्यात, असा ठराव आपण केला. देणग्या आल्या, दिवाळीच्या फराळाची विक्री झाली, आणि निधी जमला १,२१,००० रुपये. मुख्याध्यापकांनी दिलेल्या यादीत तेरा नावे होती. सायकलीची किंमत दुकानदाराने घासाघीस करून ९,००० वर आणली. तेरा नव्वे एक लाख सतरा हजार. हिशेब जुळला म्हणून मी देवापुढे साखर ठेवणार, तोच दुकानदार म्हणाले, "काकू, पहिल्या वर्षाची हमी कंपनीची आहेच. पुढच्या दोन वर्षांची आमच्याकडून घ्या. नऊशे रुपये फक्त. मुलींच्या सायकली आहेत, मागून कटकट नको."

नऊशेवर १८ टक्के कर. सायकलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे. परंतु वेगळी विकलेली वाढीव हमी ही वस्तू नव्हे, सेवा होय, म्हणून तिच्यावर १८ टक्के पडतात. म्हणजे एका सायकलीमागे १,०६२ रुपये. बारा सायकली हमीसकट घेतल्या तर १,२०,७४४ रुपये होत होते आणि हाती २५६ रुपये उरत होते. तेरा सायकली हमीवाचून घेतल्या तर ४,००० उरत होते. तेरा सायकली हमीसकट घेण्याइतका पैसा आपल्याजवळ नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करते. माझा स्वतःचा कल हमी घेण्याकडे होता. वास्तविक या बाबतीत मी एकदा पोळलेली आहे. शहरात राहणाऱ्या माझ्या नातीला मी गिअरची सायकल घेऊन दिली, तेव्हा आजीच्या मायेने वाढीव हमीही घेतली. दुसऱ्या वर्षी पेडल ज्या क्रँकमध्ये बसते त्या क्रँकचे आटे गेले आणि पेडल गळून पडले. दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, "हा बनावटीतला दोष नाही, वापराचा आहे. शिवाय सर्व्हिसच्या पुस्तकावर दोन शिक्के नाहीत." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही नाही. पेडल सैल झाल्यावरही नात आठ दिवस तशीच चालवीत होती. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने साडेचारशे रुपयांत नवा क्रँक आणि पेडल बसवून दिले. हमीचा कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

असे असूनही मी पुन्हा हमी घेण्यास तयार झाले, ते का? याचा मी पुष्कळ विचार केला. पैसा दुसऱ्यांचा होता, हे त्याचे कारण. हमी न घेता सायकल मोडली, तर "खजिनदारबाईंनी हमी का घेतली नाही?" असे दहाजणी विचारतील. हमी घेऊन सायकल मोडली नाही, तर "हमी उगीच का घेतली?" असे एकही विचारणार नाही. म्हणजे मी मुलींच्या सायकलींची काळजी करीत नव्हते, स्वतःच्या नावाची करीत होते. भगिनींनो, या हमीच्या कागदाचे गिऱ्हाईक पुष्कळदा असेच तयार होते. आई मुलासाठी घेते, आजी नातवंडासाठी घेते, आणि नको म्हणताना आपण कंजूष ठरू किंवा निष्काळजी ठरू, अशी धास्ती मनात असते. दुकानदार हे आपल्यापेक्षा चांगले ओळखून असतो.

तेव्हा मी एकच केले. "अटींचा कागद द्या, वाचून सांगते," असे म्हणाले. दुकानात रंगीत पत्रक होते, अटींचा कागद नव्हता. तो दुसऱ्या दिवशी फोनवर आला. सुनेकडून छापून घेतला आणि दुपारी चष्मा लावून पेन्सिल घेऊन बसले. त्यात मला जे सापडले ते आता क्रमाने सांगते. निरनिराळ्या कागदांत भाषा थोडी निराळी असते. तथापि गाभा बहुधा असाच असतो.

पहिली गोष्ट म्हणजे हमी कशाची? बनावटीतल्या दोषाची. सांध्याचे वेल्डिंग कच्चे राहिले, वाटी वाकडी बसली, रिमला मुळातच तडा होता, तर हमी लागू. झिजेची हमी नाही. टायर, ट्यूब, ब्रेकचे शू, तारा, चेन, सीटचे कापड आणि रंग ही सर्व झिजेच्या सदरात. गंज नाही, अपघात नाही, जादा ओझे नाही, चोरी तर नाहीच नाही.

आता सायकल कशी बिघडते ते आपण पाहू. जी वस्तू मुळात वाईट बनली, ती बहुधा पहिल्या काही महिन्यांतच आपला दोष दाखविते. कच्चा सांधा खड्ड्यांच्या रस्त्यावर तीन वर्षे दम धरीत नाही. तो काळ मूळ हमीत येतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. नंतर एक शांत काळ येतो. त्यात मोडतोड कमी असते आणि झीज मात्र रोजची. पुढे पुष्कळ वर्षांनी सगळेच भाग थकतात. वाढीव हमी विकली जाते ती मधल्या शांत काळाची. आणि त्या काळात जो खर्च येतो तो झिजेचा, म्हणजे हमीत न बसणारा. सांगाड्याची, म्हणजे फ्रेमची, हमी तर पुष्कळ कारखानदार मुळातच अनेक वर्षांची देतात, काहीजण पहिल्या मालकाला आयुष्यभराची देतात. ती आपल्याजवळ आधीच आहे की काय हे न पाहता तीच पुन्हा विकत घेण्यात काय हशील?

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नसती, इतक्या बारीक अक्षरात होती. हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच. दुसऱ्याच्या नावे होत नाही. आपली पावती कोणाच्या नावे होणार होती? मंडळाच्या. सायकल चालविणार कोण? वाडीवरची मुलगी. म्हणजे दर तक्रारीला पावती घेऊन मंडळाने जावयाचे, आणि "सायकल दुसऱ्याला दिली होती ना?" या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे.

तिसरी गोष्ट जाण्यायेण्याची. सायकल त्यांच्याच केंद्रात न्यावयाची, आणि ते केंद्र जिल्ह्याच्या गावी. एस.टी.च्या टपावर सायकल चढवून न्यावयाची, ठेवावयाची, पुन्हा आणावयास जावयाचे. दोन दिवसांची मजुरी आणि मुलीची दोन दिवसांची शाळा. शंभर-दीडशे रुपयांच्या भागासाठी कोण जाईल? बहुतेकजण जात नाहीत. न मागितलेली भरपाई हाही त्या व्यवहारातला नफाच असतो.

चौथी गोष्ट म्हणजे दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडूनच सर्व्हिसिंग करून शिक्का घ्यावयाचा. शिक्का चुकला की हमी संपली. सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे.

इतके वाचल्यावर मी घरखर्चाची वही काढली. आमची सून शाळेत शिकविते आणि सायकलीने जाते. तिच्या सायकलीचा तीन वर्षांचा खर्च माझ्या वहीत टिपलेला आहे. दोन टायर ७०० रुपये. ट्यूब आणि पंक्चर मिळून ४२०. ब्रेकचे शू आणि तारा ३६०. चेन आणि फ्रीव्हील ६५०. पेडल १८०. चाकांचा आऊट काढणे ३००. मधला एक्सल, वाट्या आणि छर्रे, मजुरीसकट २८०. एकूण २,८९०. पेन्सिलीने एकेक रकमेसमोर मी खूण करीत गेले. कागदातल्या अटी लावल्या तर फार उदार मनाने धरूनही शेवटचे २८० तेवढे हमीत बसत होते. म्हणजे १,०६२ भरून २८० मिळाले असते, आणि २,६१० तरीही खिशातूनच द्यावे लागले असते. एका घरची वही म्हणजे सगळ्या जगाचा पुरावा नव्हे, हे मला समजते. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी आपापल्या वहीत डोकवावे. चित्र फार निराळे दिसेल असे मला वाटत नाही.

हा हिशेब घेऊन मी कार्यकारिणीच्या सभेला गेले. मला वाटले होते, आता प्रश्न मिटला. तो मिटला नाही. आपल्या मंडळातल्या एक भगिनी घरोघरी पोळ्या करून संसार चालवितात. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, "ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुमच्याजवळ सायकल मोडेल त्या दिवशी पाचशे रुपये असतात. माझ्याजवळ नसतात. माझ्या मुलीची सायकल सहा महिने ओट्याखाली पडून होती. आधी भरलेले पैसे जातात ते कळत नाही. मोडल्यावर लागतात ते मिळत नाहीत. वर्षाने तेरा सायकली तेरा ओट्यांखाली पडल्या तर त्या तेराव्या मुलीला दिल्याचा काय उपयोग?"

सभा गप्प झाली. मीही गप्प झाले. कारण त्यांच्या बोलण्यात जो विचार होता तो माझ्या वहीत नव्हता. जे नुकसान आपल्याला सोसता येते त्याचा विमा उतरू नये आणि जे सोसवत नाही त्याचा उतरावा, हा साधा नियम. पण कोणाला काय सोसवते हे वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, घरच्या डब्यात काय आहे त्यावर ठरते. मला पाचशे म्हणजे एक खर्च. त्यांना पाचशे म्हणजे सहा महिने.

थोड्या वेळाने मी विचारले, "बाई, तुमच्या मुलीच्या सायकलीचे काय मोडले होते?" त्या म्हणाल्या, "मोडले कुठे? मागचा टायर फाटला होता. ट्यूबही गेली होती."

टायर आणि ट्यूब! मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन्सिलीची खूण दाखविली. हमीचे हजार रुपये भरले असते तरी ती सायकल ओट्याखालीच राहिली असती. त्यांनी कागद चिटणीसबाईंकडून वाचून घेतला, दोनदा घेतला, आणि म्हणाल्या, "म्हणजे जे बिघडते ते सोडून बाकी सगळ्याची हमी आहे म्हणा." मला दुपारभर जे सांगता आले नसते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

तथापि त्यांचा मूळ प्रश्न तसाच उभा होता, आणि त्याचे उत्तर "हमी घेऊ नका" हे नव्हे. नुसते "घेऊ नका" असे सांगून मोकळे होणे ही सुखवस्तू माणसाची शहाणीव झाली. त्या दिवशी ठरले ते असे. तेरा सायकली घ्यावयाच्या. उरलेल्या ४,००० रुपयांचा "सायकल-दुरुस्ती निधी" वेगळा काढावयाचा, आणि तो मंडळाच्या इतर खर्चात मिसळावयाचा नाही. सभासदांनी दरमहा स्वखुशीने दहा रुपये त्यात घालावयाचे. ज्या मुलीची सायकल अडेल तिने स्टँडजवळच्या सायकलवाल्या काकांकडे जावयाचे; काकांनी दुरुस्ती करून चिठ्ठी द्यावयाची; चिठ्ठी पाहून मी पैसे देणार. टायर असो, ट्यूब असो, ब्रेक असो, "हे बसत नाही" असे म्हणावयाचे नाही. भिशी आपण सगळ्या खेळतो. तीच बुद्धी इथे वापरली. तेरा सायकली एकाच आठवड्यात अडत नाहीत, म्हणून थोड्या पैशांत तेराजणींचे भागते. हमी विकणाराही याच तत्त्वावर धंदा करतो. फरक इतकाच, की त्यातून त्याला दुकानाचे कमिशन आणि आपला नफा काढावयाचा असतो, आपल्याला काढावयाचा नसतो.

याला चौदा महिने झाले. काय घडले ते चांगले-वाईट दोन्ही सांगते. चार रविवार सायकलवाल्या काकांनी मुलींना पंक्चर काढणे, चेनला तेल देणे, ब्रेक आवळणे शिकविले. त्यामुळे बारीकसारीक दुरुस्त्या मुली स्वतःच करतात. नवव्या महिन्यात एका सायकलीच्या फ्रेमला सांध्याशी तडा गेला. ती मूळ हमीत बसली, आणि पावती व फ्रेमचा नंबर आपल्याजवळ टिपलेला असल्यामुळे फ्रेम बदलून मिळाली. मात्र तीन आठवडे गेले. आणि एक सायकल बाजारातून चोरीला गेली. तिला ना कारखान्याची हमी उपयोगी पडली, ना वाढीव हमी पडली असती, ना आपला निधी पुरला. त्या मुलीला पुन्हा चालावे लागले, ते जुनी सायकल मिळेपर्यंत, म्हणजे दोन महिने. त्यानंतर आपण सर्वांना साखळीची कुलपे घेऊन दिली. ती पहिल्याच दिवशी द्यावयास हवी होती. ही चूक माझी आहे, आणि ती या स्मरणिकेत नोंदली जावी अशी माझी इच्छा आहे. अजून पावणेदोन वर्षे जावयाची आहेत. तेव्हा आपलाच निर्णय बरोबर ठरला, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही.

मग वाढीव हमी कधीच घेऊ नये काय? तसे मी म्हणत नाही. दोन प्रसंगी विचार करावा. एक म्हणजे विजेवर चालणारी सायकल. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २५० वॅटपर्यंत मोटर असलेल्या आणि इतर अटींत बसणाऱ्या सायकलीला नोंदणी लागत नाही, म्हणून ती आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहे. तिची बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर हे भाग महाग, आणि ते कोपऱ्यावरच्या काकांना दुरुस्त करता येत नाहीत. तिथे हमीला अर्थ असू शकतो. पण लिथियमची बॅटरी वापराने हळूहळू क्षीण होतेच. किती क्षीण झाल्यावर बदलून मिळेल, हा आकडा कागदावर लिहिलेला असेल तरच पैसे द्यावेत. "बॅटरी कव्हर आहे" हे तोंडी शब्द नकोत. दुसरा प्रसंग असा, की हमीच्या नावाखाली दर वर्षी एक ओव्हरहॉलिंग फुकट मिळत असते. ती हमी नव्हे, आगाऊ भरलेली मजुरी होय. आपल्या गावच्या ओव्हरहॉलिंगच्या दराशी ताडून पाहावी आणि स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्यावी.

बाकी सर्व प्रसंगी पाच प्रश्न विचारावेत. हमीत नेमके कोणते भाग येतात? मूळ हमीत यांतले काय आधीच आहे? दुरुस्ती कुठे होणार आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा? हमी देणार कोण, कारखाना, दुकान की तिसरीच कंपनी? आणि सायकल दुसऱ्याला दिली तर हमी तिच्याबरोबर जाते का? या पाचांची उत्तरे छापील मिळाली नाहीत, तर नमस्कार करून निघावे.

आणखी एक, भगिनींनो. वाढीव हमी घेतली नाही म्हणजे आपण उघड्यावर पडलो, असे नाही. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. पावती न देणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरते. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीला आपण लहानपणापासून घाबरत आलो. सदोष मालापुढे त्या पाटीची मात्रा चालत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून विचारावे.

घरबसल्या फोनवरून खरेदी करणाऱ्या सुनांनीही जपावे. सायकल निवडली की खाली हमीच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. आपण न मागितलेली वस्तू अशी बिलात सरकविणे, आणि नको म्हणणाऱ्याला "मी असुरक्षित राहीन" असे म्हणावयास लावून लाजविणे, या दोन्ही युक्त्या केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरविलेल्या आहेत. गंमत पाहा, दुकानदार जे गोड बोलून करतात तेच तिथे यंत्र करते.

वही आणि पेन्सिल घेऊन बाजाराशी दोन हात करण्याची ही रीत आपल्या बायकांना नवी नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७२ नंतरच्या महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांच्यापुढे आपले काम लहानसे आहे. आपण फक्त एक कागद शेवटपर्यंत वाचला. पण तो वाचला म्हणून एक मुलगी आज सायकलीवर आहे.

शेवटी एवढेच सांगते. परवा ती तेरावी मुलगी निधीतून मिळालेल्या चाळीस रुपयांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. पंक्चर तिने स्वतः काढले होते. पैसे ठिगळाच्या पट्टीचे आणि सोल्यूशनच्या नळीचे होते. "बाई, नळी अर्धी उरली आहे, दुसऱ्या कोणाला लागली तर द्या," म्हणून ती माझ्या टेबलावर ठेवून गेली. चिटणीसबाई, ती नळी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या मुलीला लागेल तिने मागून न्यावी.